वर्तुळापासून सुरुवात

(प्रस्तावना)

दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणमिती शेवटून दुसऱ्या प्रकरणात येते. काटकोन त्रिकोण, त्याच्या बाजूंची सहा गुणोत्तरे, ०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांचा तक्ता, दोन-तीन नित्यसमानता आणि शेवटी मनोऱ्याच्या टोकाकडे डोळे लावून उभा असलेला एक माणूस. उन्नत कोन, अवनत कोन, संपले. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडच्या शाळांतली मुले हे प्रकरण बऱ्यापैकी सोडवतात, कारण हमखास गुणांचे म्हणून त्याचा लौकिक आहे. पुढच्याच वर्षी अकरावी सायन्सच्या फळ्यावर लिहिले जाते की साइन २१० अंश म्हणजे उणे अर्धा. काटकोन त्रिकोणात २१० अंशांचा कोन मावतो कुठे, आणि बाजूंचे गुणोत्तर उणे येते कसे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. विचारतो एखादाच. बाकीचे वहीत उतरवून घेतात, चार चरणांतली चिन्हे पाठ करतात आणि पुढे जातात. त्याच महिन्यात शिकवण्याची भाषाही मराठीची इंग्रजी झालेली असते. त्यामुळे कळले नाही ते गणित की इंग्रजी, याचाही पत्ता लागत नाही.

कॉलेजातली त्रिकोणमिती अवघड का जाते, याचे उत्तर सहसा 'सूत्रे फार' असे मिळते. मला ते पटत नाही. सूत्रे बीजगणितातही असतात, रसायनातही असतात. खरी अडचण अशी की शाळेत जो विषय त्रिकोणाचा म्हणून ओळख करून दिला, तो कॉलेजात गुपचूप वर्तुळाचा होतो आणि बी.एस्सी.पर्यंत लाटेचा. विद्यार्थी मात्र काटकोन त्रिकोण हातात घट्ट धरून बसलेला राहतो. हे पुस्तक त्या बदललेल्या वळणावर उभे राहून लिहिले आहे. अकरावी-बारावीत विषय निसटलेल्या आणि आता अमोलकचंद, लोकमान्य टिळक, फुलसिंग नाईक, गावंडे अशा आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते आहे. पदविका आणि अभियांत्रिकीच्या मुलांनाही त्याचा उपयोग व्हावा.

गंमत अशी की इतिहासात हा क्रम उलटा आहे. आधी वर्तुळ आले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने केलेली कोष्टके वर्तुळातल्या जीवांची होती. अर्ध्या-अर्ध्या अंशाला जीवा किती लांब होते, ते त्याने मांडून ठेवले. त्याच्याही आधी हिपार्कसने तसे कोष्टक केले होते. दोघांनाही त्रिकोणाशी कर्तव्य नव्हते, त्यांना ग्रहांच्या जागा हव्या होत्या. आकाश गोल, ग्रहांच्या वाटा गोल, म्हणून हिशेब वर्तुळाचा. त्रिकोण त्या हिशेबात मधेच उभी केलेली शिडी होती.

आपल्याकडे आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, 'आर्यभटीय' रचले. त्यात पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा घेतली आहे, म्हणजे आजचा साइनच. पाव वर्तुळाचे चोवीस भाग करून, दर पावणेचार अंशांनी साइन किती वाढतो याचे चोवीस आकडे त्यांनी एका श्लोकात बसवले. पहिले आकडे २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे, आणि शेवटचे ५१, ३७, २२, ७. ही रांग जरा थांबून वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला वाढ जवळजवळ स्थिर आहे, मग ती घटत जाते आणि नव्वद अंशांपाशी जवळपास थांबते. साइनच्या वाढीचा वेग कोसाइन ठरवतो, हे कॉलेजात डेरिव्हेटिव्ह म्हणून शिकवतात. इथे ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांत उघड दिसते. सगळ्या आकड्यांची बेरीज येते ३४३८, आणि तीच आर्यभटांची त्रिज्या. हा विचित्र आकडा का? वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे २१,६०० कला. परीघ २१,६०० धरला की त्रिज्या ३४३८ निघते. कोन आणि लांबी दोन्ही एकाच मापात मोजायचे, एवढाच त्यामागचा विचार. अकरावीत मुले ज्या रेडियनला घाबरतात तो हाच. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, म्हणजेच ३४३८ कला. कोष्टकातला पहिला फरक २२५ आणि पावणेचार अंशांचा कंसही २२५ कलांचा, म्हणून लहान कोनासाठी साइन आणि कोन जवळपास सारखेच. हे ज्याला एकदा दिसले त्याला पुढे लिमिटच्या धड्यात काही पाठ करावे लागत नाही.

याच परंपरेतले एक साधन आजही अंगणात उभे करता येते. बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट जमिनीवर उभा करायचा आणि विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, माध्यान्हीची त्याची सावली मोजायची. जुने ज्योतिषी तिला पलभा म्हणत, आणि प्रत्येक गावाची पलभा वेगळी. उज्जैनची पाच अंगुळांहून थोडी जास्त, तर यवतमाळची साडेचारला किंचित कमी. बाराने भागले की तो गावाच्या अक्षांशाचा टॅन्जंट झाला. यवतमाळ सुमारे २०.४ अंश उत्तरेला आहे आणि हिशेब जुळतो. माध्यान्ह मात्र घड्याळातल्या बाराची नव्हे. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्याने सूर्य डोक्याशी यायला साधारण सव्वाबारा होतात, महिन्यागणिक काही मिनिटे मागेपुढे. २२ मेच्या आसपास यवतमाळात माध्यान्हीची सावली पायाखाली येऊन नाहीशी होते, २१ जुलैच्या आसपास पुन्हा (तेव्हा ढग बहुधा दिसू देत नाहीत), आणि मधले दोन महिने दुपारची सावली दक्षिणेला पडते. २२ डिसेंबरला ती जवळपास आपल्या उंचीएवढी होते. हे सगळे कोणालाही फुकट पाहता येते. तरीही 'सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो' असे उत्तर पदवीधरांकडूनही मिळते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचा सर्वात मोठा माणूस भास्कराचार्य. जन्म १११४, 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा. त्या ग्रंथातला 'ज्योत्पत्ति' हा भाग आजच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा, कारण दोन कोनांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा साइन कसा काढायचा याचे नियम तिथे आहेत. अकरावीतली निम्मी सूत्रे त्या एका नियमाची मुले-नातवंडे आहेत. १८ अंशांचा साइन म्हणजे ५ च्या वर्गमुळातून १ वजा करून ४ ने भागणे, हेही तिथे सापडते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, तसा इ.स. १२०७ चा शिलालेख तिथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आपल्या भाषेतल्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांपैकी एक गणिताच्या शाळेसाठी खोदला गेला, हे मराठीतून गणित शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावे.

आणि मग गणेश दैवज्ञ. कोकणातल्या नांदगावच्या या ज्योतिषाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिले, तेही साइन-कोसाइनला हात न लावता. ग्रहांच्या स्थानांपासून ग्रहणापर्यंत सारे गणित त्याने चतुर अपूर्णांकांच्या आधारे उरकले. ग्रंथ इतका सोयीचा होता की महाराष्ट्रातली पंचांगे तीनशेहून अधिक वर्षे त्याच्यावर चालली. कोचिंग क्लासमधल्या शॉर्टकटला कुणी नावे ठेवू लागले की मला गणेश दैवज्ञ आठवतो, कारण शॉर्टकट वाईट असतो असे नाही. मात्र गणेशाला साइन उत्तम येत होता, म्हणून तो टाळता आला. त्याच्या मागून आलेल्यांना फक्त टाळणे आले. एकोणिसाव्या शतकात पंचांगातल्या आणि आकाशातल्या ग्रहांची फारकत डोळ्यांना दिसण्याइतकी वाढली होती. त्यात मूळ अंकांचाही दोष होता. पण दुरुस्तीसाठी केरूनाना छत्र्यांसारख्यांना पुन्हा मूळ गणिताकडे, नव्या कोष्टकांकडे जावे लागले. त्याच काळात, लहानपणी नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री काशीत नवी त्रिकोणमिती संस्कृतातून मांडत होते.

दक्षिणेत केरळात माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने चौदाव्या-पंधराव्या शतकांत वेगळीच उडी घेतली. कोष्टके बाजूला ठेवून साइनची अनंत श्रेणी काढली: कोन (रेडियनमध्ये), वजा कोनाचा घन भागिले ६, अधिक पाचवा घात भागिले १२०, असे पुढे पुढे. ३० अंशांचे रेडियन ०.५२३६ घेऊन पहिली तीनच पदे करून पाहा, उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत ०.५००० येते. बी.एस्सी.त ग्रेगरीची म्हणून जी दुसरी श्रेणी शिकवतात, तीही ग्रेगरीच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी या मंडळींना माहीत होती, आणि त्यांनी ती 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात, म्हणजे लोकभाषेत, सिद्धतेसह लिहून ठेवली.

आता दुसरी मोठी परंपरा, जमीन मोजणाऱ्यांची. त्रिकोण खऱ्या अर्थाने इथे मध्यभागी आला. पर्शियात तेराव्या शतकात नासिरुद्दीन तुसी याने खगोलापासून वेगळे काढून या विषयाला स्वतंत्र ग्रंथ दिला होता. पंधराव्या शतकात जर्मनीच्या रेगिओमोंटानसने सर्व प्रकारच्या त्रिकोणांवर लिहिले, आणि १६१४ मध्ये नेपियरच्या लॉगॅरिदमने गुणाकारांचा जाच कमी केला. पण जमिनीवरचा सर्वात मोठा प्रयोग झाला तो हिंदुस्थानात, आणि त्याची रेघ आपल्या जिल्ह्यातून गेली आहे.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी विल्यम लॅम्बटनने साखळीने एक सरळ रेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांची ती रेषा मोजायला ५७ दिवस लागले. एवढी खबरदारी घ्यायचे कारण साइनच्या नियमात आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू मोजाव्या लागत नाहीत. त्या काढलेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा. पहिल्या रेषेतली चूक मात्र सगळ्यांत उतरते. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यावर चढवायचा, दूरच्या दोन माथ्यांवरच्या खुणांमधला कोन वाचायचा आणि पुढे सरकायचे. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरलेली त्रिकोणांची मुख्य साखळी साधारण ७७ अंश ४० कला पूर्व या रेखेला धरून गेली. दक्षिणेकडे बीदरजवळचे दामरगिड्डा, उत्तरेकडे सिरोंजजवळचे कल्याणपूर, आणि या दोन प्रमुख ठाण्यांच्या मधे वऱ्हाड, तेव्हा निजामाच्या अमलाखालचे. आजच्या नकाशावर ती रेखा पुसदच्या पूर्वेकडून आणि दिग्रसच्या जरा पश्चिमेकडून जाते. पुसदच्या टेकड्या आपल्याला एसटीच्या घाटामुळे माहीत. सर्वेक्षकाच्या लेखी एकमेकांना दिसणारे उंच माथे म्हणजे सोने होते.

१८१८ मध्ये या कामाला 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' असे नाव मिळाले. लॅम्बटन ते पूर्ण झालेले पाहू शकला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि तिथेच त्याला पुरले. राळेगावहून हिंगणघाट किती लांब, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा, कापूस घेऊन तो तिथल्या बाजारात जाऊन आलेला असतो. पुढचे काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने नेले. त्याच यंत्रणेतल्या निरीक्षणांवरून १८५२ मध्ये राधानाथ सिकदर यांच्या हिशेबात जगातले सर्वात उंच शिखर निघाले, २९,००२ फूट. शिखराला नाव एव्हरेस्टचे मिळाले. लॅम्बटनच्या थडग्याची वाट हिंगणघाटातही थोड्यांनाच ठाऊक.

या साखळीतली एक बारीक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावी अशी आहे. पन्नास किलोमीटर बाजूचा त्रिकोण जमिनीवर मोजला तर त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश येत नाही, सुमारे साडेपाच सेकंद जास्त भरते. पृथ्वी वाकलेली आहे, म्हणून. ढोबळ नियम असा की सुमारे १९७ चौरस किलोमीटरला एक सेकंद. एका सेकंदासाठी, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागासाठी, ही माणसे महिनोन्‌महिने माळरानात, तापात, वाघांच्या मुलखात राहिली. दहावीच्या पुस्तकात 'त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०' हे वाक्य आपण किती सहज ओलांडतो!

तिसरा प्रवाह थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकाचा उत्तरार्ध त्याचाच आहे. १७४८ मध्ये ऑयलरने साइन आणि कोसाइन यांना त्रिकोणापासून सोडवले आणि फलने म्हणून उभे केले: एक संख्या आत घाला, एक संख्या बाहेर येते. कोन कितीही मोठा असो, उणे असो, चालते. १८२२ मध्ये फूरिएने दाखवले की साध्या साइन-कोसाइन लाटांची बेरीज करून हवा तो आकार उभा करता येतो. डी मॉयव्हरचे प्रमेय, हायपरबोलिक फलने, श्रेणींची बेरीज हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातले धडे याच घरातले. विद्यार्थ्याला ते अचानक आल्यासारखे वाटतात, कारण मधला जिना त्याला दाखवलेला नसतो.

हे सगळे आज कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, लॉग टेबलची पाने उलटायची गरज उरली नाही. शेतमोजणीचा थिओडोलाइट गेला, टोटल स्टेशन आले, आणि आता उपग्रहाकडून स्थान घेणारे रोव्हर धुऱ्यावर फिरतात. उपग्रहाची पद्धत तर कोनांवर नव्हे, अंतरांवर चालते. मग?

धुऱ्याचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे भाऊबंदकी तिथूनच सुरू होते. वाटणीत वावराचा एक त्रिकोणी तुकडा आला, दोन बाजू १२० आणि ९० मीटर. क्षेत्रफळ म्हणजे दोन बाजूंचा गुणाकार, गुणिले मधल्या कोनाचा साइन, भागिले दोन. मधला कोन ३५ ऐवजी ३६ अंश धरला तर क्षेत्र सुमारे ७७ चौरस मीटरने फिरते, जवळजवळ पाऊण आर. हाच कोन काटकोनाच्या जवळ असता, ८९ ऐवजी ९० धरला असता, तर फरक एक चौरस मीटरही पडला नसता. चूक दोन्हीकडे एकाच अंशाची. यंत्र आकडा देईल, पण कोणत्या ठिकाणी एक अंश महागात जातो हे साइनचा आलेख ज्याच्या डोक्यात आहे त्यालाच कळते. सौर कृषीपंपाच्या पॅनेलचे उलट आहे. ते साधारण अक्षांशाइतके, वीसेक अंश, कलते ठेवतात. बसवणाऱ्याकडून दहा अंश चुकले तरी सूर्य समोर असताना मिळणारी ऊर्जा दीड टक्क्यानेच घटते, कारण कोसाइन सुरुवातीला सपाट असतो. तीस अंश चुकले तर मात्र तेरा टक्क्यांहून जास्त जाते. साइन आणि कोसाइनचे स्वभाव असे वेगळे, आणि ते त्रिकोणात दिसत नाहीत, वर्तुळावर बिंदू फिरवला की दिसतात.

विहिरीवरच्या मोटारीकडे चला. रात्रपाळीची 'थ्री फेज' लाइन हा आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तिन्ही तारांत प्रत्येकी ५० हर्ट्झची साइन लाट असते, पण एकमेकींपासून १२० अंशांनी सरकलेली. भास्कराचार्यांचा बेरजेचा नियम लावा, तिन्ही लाटांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य येते. म्हणून मोटारीला परतीची वेगळी तार लागत नाही. एका फेजचा दाब २३० व्होल्ट, दोन फेजमधला ४०० च्या आसपास. हे ४०० येतात २३० ला ३ च्या वर्गमुळाने गुणून, आणि ते वर्गमूळ येते ६० अंशांच्या साइनमधून. डीपीवरून एक फेज गेला की मोटार का गुरगुरते आणि शेवटी का जळते, हे समजायलाही तीन लाटांचे चित्र पुरते. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन मुलांना हे वायरिंगच्या अंगाने येते, बी.एस्सी.च्या मुलांना सूत्राच्या अंगाने. दोघे एका बाकावर बसले तर दोघांचाही फायदा.

आणि एक, जे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कपाशीवर बोंडअळी दिसली की शेतकरी फोटो काढून कृषी सहायकाला पाठवतो. त्या फोटोची फाइल लहान होते ती कोसाइनमुळे. जेपीईजी पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोन ६४ ठरावीक कोसाइन नक्षींच्या बेरजेत लिहितात. डोळ्याला न जाणवणाऱ्या नक्षी गाळल्या की फाइल हलकी. मूळ कल्पना नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी नटराजन व राव यांनी १९७४ मध्ये मांडली. फूरिए, आर्यभट, टॉलेमी सगळे त्या एका फोटोत आहेत, अळीसकट.

कॅल्क्युलेटरबद्दलही एक सांगतो. साइन ३० दाबल्यावर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आले, तर यंत्र रेडियनमध्ये आहे. एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर ते कायमच रेडियनमध्ये असते. आकडा बघून 'हे शक्य नाही' असे ज्याच्या तोंडून आपोआप निघते, त्याला त्रिकोणमिती आली असे मी समजतो. बाकी सगळे सरावाने येते.

शिकवण्याच्या पद्धतींविषयीही बोलायला हवे, कारण हे पुस्तक त्यांतल्या एकीची बाजू घेते. आपल्याकडे फार दिवस लोनीचे १८९३ चे 'प्लेन ट्रिगॉनॉमेट्री' हा मानदंड होता. काटकोन त्रिकोणापासून सुरू होऊन पायरीपायरीने वर जाणारे, उदाहरणांनी भरलेले ते पुस्तक. त्याच्या उदाहरणांना आजही तोड नाही, आणि जेईईच्या तयारीतली मुले अजून ती सोडवतात. दुसरी बाजू एकक वर्तुळापासून सुरुवात करणाऱ्यांची. त्रिज्या १, बिंदू फिरतो, त्याची आडवी जागा कोसाइन, उभी जागा साइन. यात २१० अंशांना उणे अर्धा येणे हे कोडे उरतच नाही, कारण बिंदू मध्यरेषेच्या खाली गेलेला दिसतो. तिसरी बाजू शुद्ध गणितवाल्यांची: साइन म्हणजे श्रेणी, बाकी सगळे त्यातून सिद्ध करा. ही बाजू निर्दोष आहे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पूर्णपणे निरुपयोगी. चौथी पद्धत शिकवणीवर्गांची, ती कुणी पुस्तकात मांडत नाही: दोनशे सूत्रांचा तक्ता, चिन्हांसाठी इंग्रजी वाक्ये, गुणोत्तरांसाठी हिंदी वाक्ये, आणि एमएचटी-सीईटीला एका प्रश्नामागे दीड-दोन मिनिटे. ज्याला बारावीनंतर या विषयाचे तोंड पाहायचे नाही त्याचे तिच्यावर भागते. ज्याला बी.एस्सी.ला बसायचे आहे त्याच्यापुढे मात्र सप्टेंबरपर्यंत तक्ता रिकामा झालेला असतो.

आम्ही वर्तुळापासून सुरुवात केली आहे, पण ते वर्तुळ कागदावरचे नाही, शंकूच्या सावलीचे आहे. तिथून आर्यभटांचे कोष्टक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने पुन्हा तयार करायचे. त्रिकोण मधल्या भागात येतो, आणि तिथे सर्वेक्षणाच्या साखळीतला साइनचा नियम प्रत्यक्ष लावून पाहायचा. लाटा, श्रेणी आणि डी मॉयव्हर शेवटी, आणि तोवर तीन फेजचे चित्र मनात पक्के झालेले असेल असे गृहीत धरले आहे. सूत्रांची लांबलचक यादी दिलेली नाही. दोन कोनांच्या फरकाच्या कोसाइनचे एक सूत्र चित्रावरून सिद्ध केले आहे आणि बाकीची त्यातून विद्यार्थ्याने काढायची आहेत. शिक्षकांची पहिली तक्रार इथेच येणार, याची कल्पना आहे: वेळ कुठून आणायचा? माझ्या मते पहिल्या पंधरवड्यात जाणारा वेळ सत्राच्या शेवटी परत मिळतो, पण हे पटवण्याचा मार्ग एकच, एका तुकडीवर करून पाहणे.

भाषेबाबत आम्ही सोय पाहिली. निरूपण मराठीत आहे, पण साइन, कोसाइन, टॅन्जंट, रेडियन ही नावे तशीच ठेवली, कारण वर्गात आणि परीक्षेत तीच कानावर पडतात. ज्या, कोज्या हे शब्द इतिहासाच्या भागापुरते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत येते, म्हणून प्रत्येक प्रकरणाअखेर काही उदाहरणे विद्यापीठाच्या प्रश्नांच्या धर्तीवर मांडली आहेत आणि त्यांची उकल मराठीत दिली आहे. भाषा बदलताना गणित तेच राहते, हे विद्यार्थ्याला आपल्या डोळ्यांनी दिसावे.

गोलीय त्रिकोणमिती, म्हणजे पृथ्वीच्या वाकलेल्या पृष्ठावरचे त्रिकोण, फक्त एका परिशिष्टात आहे. अभ्यासक्रमात ती नाही, आणि परीक्षेपुरते वाचणाऱ्याने ते परिशिष्ट सोडले तरी त्याचे गुण जाणार नाहीत. ज्यांना लॅम्बटनचे साडेपाच सेकंद स्वतः काढून पाहायचे आहेत त्यांच्यासाठी ते आहे. त्यासाठी लागणारे सारे मधल्या भागात येऊन गेलेले असेल.

सावलीच्या उदाहरणांना तारीख आहे, म्हणून ती क्रमाने सोडवण्याचा हट्ट नको. पावसाळ्यात पुस्तक हाती आले तर पलभेचे उदाहरण २३ सप्टेंबरपर्यंत थांबू शकते, आणि त्या दिवशी आभाळ असले तर डिसेंबरचे आधी करावे. लागणारे साहित्य सरळ काठी, ओळंबा, मीटरची टेप आणि सपाट गच्ची. काठी बारा अंगुळांचीच हवी असे नाही. कितीही उंचीची घ्या, पण उंची आणि सावली एकाच टेपने मोजा आणि तिन्ही वाचने लिहून ठेवा, सव्वाबाराच्या दहा मिनिटे आधीचे, मधले आणि दहा मिनिटे नंतरचे.